कवठ : एक काटेरी झाड, एक शब्द आणि ‘शुद्ध’ रूपाचा प्रश्न



तत्सम आणि तद्भव या संज्ञांची ओळख तुम्हांला यापूर्वीच झाली आहे. व्याख्या पाठ झाली की पुष्कळांच्या मनात नकळत एक उतरंड तयार होते : तत्सम शब्द शुद्ध, तद्भव शब्द झिजलेला, आणि बोलीतला शब्द तर बिघडलेलाच. ‘मूळ संस्कृत शब्दाचा अपभ्रंश होऊन हा मराठी शब्द तयार झाला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्या सहजपणे लिहिले जाते की, त्यात काही तपासण्यासारखे आहे याची शंकाही लिहिणाऱ्याला येत नाही. प्रस्तुत पाठात आपण एकच शब्द हाती घेऊन ही उतरंड कितपत टिकते ते पाहणार आहोत. तो शब्द आहे ‘कवठ’.

हा शब्द निवडण्याचे कारण असे की, तुमच्यापैकी अनेकांजवळ तो दोनदा आहे आणि त्याची तुम्हांला जाणीव नाही. गणपतीच्या एका सर्वपरिचित संस्कृत श्लोकात त्याच्या आवडीची फळे म्हणून ‘कपित्थ’ आणि ‘जंबू’ यांची जोडी येते. जंबू म्हणजे जांभूळ हे बहुतेकांना सांगता येते. कपित्थ म्हणजे काय, असे वर्गात विचारले की मात्र शांतता पसरते. आणि त्याच वर्गातील काहींच्या घरी महाशिवरात्रीला कवठाची बर्फी झालेली असते. देवघरातला शब्द आणि स्वयंपाकघरातला शब्द यांची एकाच घरात भेट होत नाही, असा हा प्रकार आहे.

झाडाची ओळख

शब्दाविषयी बोलण्यापूर्वी वस्तू पाहावी. कवठ हे भारत व श्रीलंका येथील कोरड्या, पानझडी रानांत वाढणारे झाड आहे. त्याची वाढ सावकाश होते. पानांच्या बगलेत सरळ, टणक, टोकदार काटे असतात. पान संयुक्त असून त्याला बहुधा पाच किंवा सात पर्णिका असतात; ते चुरगळले तर बडीशेपेसारखा वास येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे लिंबाच्या कुळातील झाड. बेलही त्याच कुळातला व काटेरीच, म्हणून पुष्कळांची या दोन झाडांत गल्लत होते. बेलाचे पान त्रिदल आणि त्याच्या फळाचे कवच गुळगुळीत. कवठाचे कवच राखी-पांढरट व खरखरीत असते, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

फळ चेंडूएवढे असते. कवच लाकडासारखे असल्याने ते सुरीने कापता येत नाही, दगडावर आपटून फोडावे लागते. आत तपकिरी, चिकट, बियांनी भरलेला गर असतो. त्याचा वास उग्र, चव आंबट-तुरट आणि पिकल्यावर थोडी गोड. फळ तयार झाले की नाही हे रंगावरून नीट कळत नाही, म्हणून ते फूटभर उंचीवरून टणक जमिनीवर टाकून पाहतात : कच्चे फळ उसळते, पिकलेले जागीच बसते. गूळ, मीठ, तिखट आणि जिरे घालून या गराची जी चटणी होते, तिच्यात गूळ घालताना हात आखडता घेऊ नये, असे जाणत्या बायका सांगतात.

अमरकोशात या झाडाला कपित्थ, दधित्थ, ग्राही, मन्मथ, दधिफल, पुष्पफल आणि दंतशठ अशी नावे दिली आहेत. त्यांतील ‘ग्राही’ हे नाव त्याच्या तुरट, स्तंभक गुणावरून आले आहे. ‘दधि’ असलेली दोन नावे गराच्या दह्यासारख्या आंबटपणाकडे पाहतात. ‘दंतशठ’ म्हणजे दातांशी लबाडी करणारा, दात आंबवणारा. हेच नाव अमरकोशात जंबीर या लिंबालाही दिलेले आहे. अठराव्या शतकात लिनीयसने लॅटिन भाषेत या जातीसाठी ‘अतिशय आंबट’ अशा अर्थाचे विशेषण योजले. ज्या भाषेत ज्याने नाव दिले, त्याने आधी फळ चाखले होते असे दिसते! ‘कपित्थ’ हे नाव मात्र चवीविषयी काही सांगत नाही, आणि आपला प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कपित्थ ते कवठ

प्रथम मराठी रूप कसे सिद्ध झाले ते पाहू. येथे तीन बदल झालेले आहेत.

पहिला बदल ‘प’चा ‘व’ होण्याचा. दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘प’चा प्राकृतात ‘व’ होतो. वररुचीने प्राकृतप्रकाशात यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. दीपक – दिवा, सपत्नी – सवत, आपाक – आवा (कुंभाराचा) ही उदाहरणे तुम्ही पाहिलेली असतील. आपल्या शब्दाच्या अगदी शेजारची उदाहरणे घ्यायची तर कपाट – कवाड आणि कपर्दिका – कवडी ही घ्यावीत. कवाड, कवडी, कवठ हे तीन शब्द अर्थाने एकमेकांपासून कितीही दूर असले तरी त्यांच्या आरंभी एकच घटना घडलेली आहे. हा बदल शब्दाचा अर्थ, त्याची प्रतिष्ठा किंवा बोलणाऱ्याची जात पाहून होत नाही. तो ध्वनीचे स्थान पाहून होतो.

दुसरा बदल ‘त्थ’चा ‘ट्ठ’ होण्याचा. पालीत ‘कपित्थ’ व ‘कपिट्ठ’ अशी दोन्ही रूपे आढळतात. प्राकृतात ‘कविट्ठ’ असे रूप मिळते. दंत्य ध्वनी येथे मूर्धन्य झाला. मराठीतील एका रोजच्या क्रियापदात हाच बदल आहे. ‘उद्’ आणि ‘स्था’ मिळून संस्कृतात ‘उत्था’ झाले, प्राकृतात ‘उट्ठ’, आणि आपण म्हणतो ‘ऊठ’. ‘स्थान’पासून ‘ठाण’, आणि त्यातूनच ‘ठाणे’.

तिसरा बदल जोडाक्षराच्या सुटण्याचा. प्राकृतातील द्वित्त व्यंजन मराठीत एकेरी होते आणि त्याआधीचा स्वर सामान्यतः दीर्घ होतो : हत्थ – हात, अट्ठ – आठ. त्या न्यायाने ‘कविट्ठ’पासून ‘कवीठ’ व्हावयास हवे. आणि ‘कवीठ’ हे रूप मराठीत खरोखरच आहे. मग ‘कवठ’ कोठून आले? मराठीत शब्दाच्या मधला इकार दुबळा होऊन ‘अ’ होण्याची प्रवृत्ती आहे. परीक्षा – पारख, हरिद्रा – हळद यांत ती दिसते. गर्भिणी या शब्दाची ‘गाभीण’ आणि ‘गाभण’ अशी दोन रूपे मराठीत शेजारी शेजारी नांदतात. ‘कवीठ’ व ‘कवठ’ ही जोडी तशीच आहे. त्याला सामान्यरूपाचाही हातभार लागला असावा असे मला वाटते. ‘तांदूळ’ पण ‘तांदळाचा’, ‘बेरीज’ पण ‘बेरजेचा’ असे आपण म्हणतोच. ‘कवठाचा’, ‘कवठाला’ अशी रूपे वारंवार कानांवर पडली की मूळ रूपही त्यांच्याकडे ओढले जाते.

हेच संस्कृत रूप शेजारच्या भाषांत गेले तेव्हा काय झाले? हिंदीत ‘प’ पुरताच लोपला, ‘कइत्थ’ झाले आणि त्याचे ‘कैथ’. हिंदीने ‘थ’ दंत्यच ठेवला. गुजरातीत ‘कोठुं’ झाले. तेथे मराठीप्रमाणे ‘ठ’ आहे, पण आधीचे स्वर मिसळून ‘को’ झाले आहे. बंगालीत ‘कदबेल’ किंवा ‘कयेतबेल’ म्हणतात, म्हणजे बेलाशी असलेले साम्य बंगाली माणसाने नावातच नोंदवले. कैथ, कोठुं, कवठ या रूपांत कोणते शुद्ध, या प्रश्नाला अर्थ नाही. प्रत्येक भाषेने आपापल्या नियमाने चालून आपापले रूप गाठले आहे. झ्यूल ब्लॉक यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या फ्रेंच ग्रंथात मराठीच्या घडणीचा जो इतिहास मांडला, त्याचा कणा हाच आहे : मराठी ही बिघाडातून नव्हे, तर नियमबद्ध परिवर्तनातून घडलेली भाषा आहे.

‘त्थ’ आला कोठून?

येथवर तुम्ही म्हणाल, ‘कवठ’ नियमाने आला हे मान्य. तरीही मूळ शुद्ध शब्द ‘कपित्थ’च ना? आता त्या मूळ शब्दाकडेच वळू.

परंपरेने ‘कपित्थ’ची फोड ‘कपि’ + ‘स्थ’ अशी केली जाते : जेथे माकडे राहतात ते झाड. ‘अश्वत्थ’ची फोडही तशीच, जेथे घोडे उभे राहतात ते झाड. अर्थ पटण्यासारखा आहे. रूपाची मात्र अडचण आहे. संस्कृतात ‘स्थ’चा ‘त्थ’ होतो तो ‘उद्’ या उपसर्गानंतर, कारण तेथे आधीच ‘द्’ आहे व त्याचाच ‘त्’ होतो. म्हणून उत्थान, उत्थित. ‘कपि’ हा शब्द इकारान्त आहे. त्याच्या शेवटी ‘त्’ किंवा ‘द्’ नाही. मग ‘कपि’ आणि ‘स्थ’ यांच्यामध्ये ‘त्’ कोठून आला?

याची एक चांगली पडताळणी आपल्याला उपलब्ध आहे. ‘कपि’ आणि ‘स्थल’ यांचा समास संस्कृतात आहे. तो ‘कपिस्थल’ असा होतो, आणि गोत्राचे नाव असेल तर ‘कपिष्ठल’ होतो. त्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्रच दिले आहे. म्हणजे संस्कृत आपल्या नियमाने चालली की ‘कपि’पुढे ‘स्थ’ येतो, फार तर ‘ष्ठ’ येतो. ‘कपित्थल’ असे काही होत नाही. मग झाडाच्या नावातच ‘त्थ’ का? जुन्या वैयाकरणांनाही ही अडचण दिसली होती. जे शब्द नियमांत बसत नाहीत पण शिष्टांच्या वापरात आहेत, त्यांच्यासाठी पाणिनीने ‘पृषोदर’ आदी शब्दांचा एक गट मानला आहे. टीकाकारांनी ‘कपित्थ’ची सोय त्या गटात लावली. सोय लागली, पण कारण कळले नाही.

कारण प्राकृताकडे पाहिले की कळते. ‘स्थ’चा ‘त्थ’ होणे हा प्राकृताचा नित्याचा व्यवहार आहे : हस्तातील ‘स्त’चा ‘त्थ’ होऊन ‘हत्थ’ होतो, तसाच शब्दाच्या मध्यभागी असलेल्या ‘स्थ’चाही ‘त्थ’ होतो. म्हणजे कपित्थ आणि अश्वत्थ या शब्दांची शेपटे प्राकृत वळणाची आहेत. रानात जाणाऱ्या, फळे गोळा करणाऱ्या, गुरे राखणाऱ्या लोकांच्या तोंडी जे रूप होते, ते संस्कृताने जसेच्या तसे उचलले आणि पुढे तेच प्रमाण मानले. ‘दधित्थ’ या नावाने या तर्काला बळकटी येते. माकडे झाडावर राहतात हे समजते. दही झाडावर कसे राहणार? टीकाकार तेथेही ‘दह्यासारखा रस ज्यात राहतो’ असा अर्थ लावतात, पण अधिक सरळ शक्यता अशी की, ‘कपित्थ’ हे नाव आधी रूढ झाले, ‘-त्थ’ हा झाडाच्या नावाचा शेवट म्हणून कानाला सवयीचा झाला, आणि त्याच साच्यात ‘दधित्थ’ घडवला गेला. हे माझे अनुमान आहे, ते तुम्ही अनुमान म्हणूनच स्वीकारावे. ‘कपि’ची फोडही मागाहून सुचलेली असू शकते, एखाद्या स्थानिक नावाला ओळखीचा अर्थ चिकटवण्याची खोड सर्व भाषिकांना असते आणि पंडित त्याला अपवाद नसतात. काहीही असले तरी ‘त्थ’चे प्राकृतपण त्याने हटत नाही.

आता पतंजलीचे महाभाष्य आठवा. ‘गो’ या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश होतात, असे तो सांगतो. शब्द एक, अपभ्रंश अनेक, ही ती दृष्टी. व्याकरणशास्त्राला साधुशब्द ठरवावयाचा होता, त्या कामापुरती ती योग्यच होती. परंतु भाषेचा इतिहास लिहिताना तीच फूटपट्टी घेतली तर ‘कपित्थ’चे काय करावयाचे? त्या फूटपट्टीने तो स्वतःच अपभ्रंश ठरतो. ज्याला आपण ‘कवठ’चे निर्मळ मूळ समजत होतो, त्याच्या अंगावर लोकभाषेची माती आधीपासूनच लागलेली आहे. म्हणून परीक्षेत ‘कपित्थचा अपभ्रंश कवठ’ असे लिहू नका. ‘कपित्थ – कविट्ठ – कवीठ – कवठ’ असा क्रम लिहा आणि प्रत्येक पायरीवर कोणता नियम लागला ते सांगा. गुण त्यालाच आहेत.

ती कवठ, ते कवठ

व्युत्पत्तीइतकीच महत्त्वाची, पण पाठ्यपुस्तकांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट या शब्दाच्या लिंगाची आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) किंवा त्यानंतरचे जुने मराठी कोश उघडून झाडांची नावे पाहा. बोर, जांभूळ, डाळिंब, कवठ हे शब्द झाड या अर्थी स्त्रीलिंगी आणि फळ या अर्थी नपुंसकलिंगी दिलेले आढळतील. ‘ती कवठ फळली’ म्हणजे झाड; ‘ते कवठ फुटले’ म्हणजे फळ. ‘केळ’ आणि ‘केळे’ या जोडीत हा भेद रूपातही दिसतो. बोर व कवठ यांत रूप एकच राहते आणि भेदाचा सारा भार लिंगावर पडतो. आंबा, फणस, पेरू यांना ही सोय नाही, ते दोन्ही अर्थी पुल्लिंगीच.

मराठीचे लिंग अनियमित व अतर्क्य आहे, असे आपण फार ऐकतो. येथे मात्र लिंग अर्थ सांगण्याचे काम करीत आहे, तेही एका अक्षराची भर न घालता. आज नागर बोलण्यात ही व्यवस्था उतरणीला लागली आहे. आपण ‘कवठाचे झाड’, ‘बोराचे झाड’ म्हणतो, आणि ‘ती कवठ’ ऐकले की बोलणाऱ्याचे व्याकरण चुकले असे समजतो. ज्याने झाड पाहिलेले नाही, फळ तेवढे बाजारात पाहिले आहे, त्याला झाडासाठी वेगळे लिंग राखण्याची गरजच उरत नाही. बांधावरची काटेरी, सावकाश वाढणारी झाडे तुटत गेली, तसे हे स्त्रीलिंगी रूपही मागे पडत गेले. तेव्हा तुमच्या आजीने ‘आमची कवठ’ असे म्हटले, तर तिची चूक दुरुस्त करण्याची घाई करू नका. तिची भाषा कोशाबरहुकूम आहे. तुमची बदललेली आहे.

एक सीमावर्ती गोष्ट येथेच नोंदवतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांतील ज्या विद्यार्थ्यांना कन्नड येते, त्यांना ठाऊक असेल की कन्नडमध्ये ‘बेलद हण्णु’ म्हणजे कवठ. मराठी कानाला ते बेलफळ वाटते. तमिळमधील ‘विळा’ आणि तेलुगूतील ‘वेलग’ हीही कवठाचीच नावे. ‘कपित्थ’च्या वंशातील शब्द दक्षिणेकडे या घरांत शिरलेला नाही, तेथे झाडाचे स्वतःचे जुने नाव टिकून आहे. दोन भाषांत ध्वनी जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही, याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

गावांच्या नावांत

शिक्षकाने फळा पुसला तरी गावाची पाटी पुसली जात नाही. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ हा तालुका आहे. त्याच जिल्ह्यात कवठे एकंद आणि कवठे पिरान ही गावे आहेत. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात कवठे यमाई आहे. इतकी ‘कवठे’ जवळजवळ असल्यामुळेच प्रत्येकाला ओळखीसाठी दुसरे पद जोडावे लागले. कवठेकर हे आडनाव त्यांतूनच निघाले. पिंपरी, वडगाव, बोरगाव, चिंचवड यांच्याच पंक्तीतील ही नावे आहेत. फार पूर्वीही ही रीत होती : सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिर बृहज्जातकात ‘कापित्थक’ नावाच्या ठिकाणाचा उल्लेख करतो. आज ज्या कवठे गावात कवठाचे एकही झाड नसेल, तेथेही नाव साक्ष देत राहते. स्थलनामांचा अभ्यास करणारा त्यावरून पूर्वीच्या झाडझाडोऱ्याचा अंदाज बांधू शकतो.

जाता जाता दोन उल्लेख. नाट्यशास्त्रातील एका हस्तमुद्रेला ‘कपित्थ’ हे नाव आहे. आणि संस्कृतात ‘गजभुक्तकपित्थ’ नावाचा एक न्याय आहे : हत्तीने गिळलेले कवठ बाहेरून अखंड दिसते पण आतून पोकळ झालेले असते, अशी समजूत त्यामागे आहे. वरून शाबूत, आत काही नाही, अशा गोष्टीला तो लावतात. नियम न सांगता नुसती ‘अपभ्रंश’ ही संज्ञा लिहिलेल्या उत्तराला तो लावावयास माझी हरकत नाही.

स्वयंअध्ययनासाठी

1. ‘कपाट – कवाड’, ‘परीक्षा – पारख’ आणि ‘हस्त – हात’ या जोड्यांतील कोणता बदल ‘कपित्थ – कवठ’ या प्रवासात कोणत्या पायरीवर आढळतो, ते सुमारे 150 शब्दांत लिहा. ‘अपभ्रंश’ हा शब्द न वापरता उत्तर पूर्ण करा.

2. ‘अश्वत्थ’ या शब्दातील ‘त्थ’ची चिकित्सा वरील पद्धतीने करा. हे झाड मराठीत ‘पिंपळ’ या दुसऱ्याच शब्दाने ओळखले जाते, याची नोंद उत्तरात घ्या.

3. क्षेत्रकार्य : आपल्या गावातील किंवा वस्तीतील साठीच्या पुढील पाच व्यक्तींना भेटा. बोर, जांभूळ, डाळिंब, करवंद, कवठ यांविषयी त्यांना बोलते करा आणि झाड व फळ यांसाठी त्या कोणते लिंग वापरतात ते त्यांच्याच वाक्यांत उतरवून घ्या. प्रश्न थेट लिंगाविषयी विचारू नका. ‘तुमच्याकडे कवठ होती का?’ असेही विचारू नका, कारण त्यात उत्तर आधीच आले. झाड कोठे होते, काटे कसे टोचायचे, फळ कसे फोडायचे, चटणीत काय घालायचे, एवढेच विचारा आणि ऐकत राहा. कवठ, कवीठ, कवट असे जे रूप ऐकू येईल ते तसेच लिहा. दुरुस्त करू नका. त्यानंतर हीच नोंद विशीच्या आतील पाच जणांची करा आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा.